‘अर्धसत्य’मधला विसरलेला खून

गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’मध्ये सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर दोन माणसांचा जीव घेतो. पहिला एक भुरटा चोर. ट्रान्झिस्टर चोरल्याच्या संशयावरून त्याला पोलीस ठाण्यात आणलेलं असतं आणि दारूच्या नशेत वेलणकर त्याला कोठडीत मरेस्तोवर मारतो. दुसरा रामा शेट्टी, पोलिसांना खिशात घेऊन निवडणुकीला उभा राहिलेला गुंड. त्याचा गळा वेलणकर त्याच्याच घरात आवळतो आणि मग ठाण्यात येऊन गुन्हा कबूल करतो.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे त्यांना आज त्याच्याबद्दल विचारून बघा. रामा शेट्टी आठवतो, सदाशिव अमरापूरकरांचा तो थंड, मऊ आवाज आठवतो, दिलीप चित्र्यांची कविता आठवते, ओम पुरींच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण आणि डोळ्यांतली आग आठवते. शेवटच्या गळा आवळण्यावर थिएटरात टाळ्या पडत, असं तेव्हा पाहिलेले लोक आजही सांगतात. चोर मात्र आठवत नाही. आठवलाच तर ‘वेलणकरचा तोल सुटतो तो प्रसंग’ म्हणून. मेलेला माणूस त्या वाक्यात कुठेच नसतो.

चित्रपटाच्या या स्वागताबद्दल मला गंभीर तक्रार आहे. चाळीस वर्षांत पोलीसपटांची जी वाट आपण पाडली, आणि चकमकींच्या बातम्यांवर आज जे पेढे वाटले जातात, त्याची मुळं मला या विसरण्यात दिसतात.

‘अर्धसत्य’ १९८३ साली आला. भाषा हिंदी, पण घडवणारे हात मोठ्या प्रमाणात मराठी. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, कविता चित्र्यांची. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. फिल्मफेअरमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि अमरापूरकरांना सहायक अभिनेता, अशी बक्षिसांची रांगच लागली. समांतर म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या वाट्याला क्वचित येणारी गोष्टही याच्या वाट्याला आली: तो चालला. फिल्म सोसायटीच्या अंधाऱ्या सभागृहात न अडकता साध्या तिकीटबारीवर लोकांनी त्याला उचलून धरलं.

का धरलं, हे त्या काळाकडे बघितलं की कळतं. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबई पोलिसांची पहिली नोंदलेली चकमक म्हणून ती आजही सांगितली जाते. त्याच महिन्याच्या १८ तारखेला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख घरांचा पगार बंद झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खुद्द मुंबई पोलिसांतले शिपाई रस्त्यावर उतरले. तुटपुंजा पगार, घरांची दुर्दशा, साहेबांच्या घरची कामं, संघटनेचा हक्क, असं बरंच काही साचलं होतं. सरकारने संघटनेची मान्यता काढली, लष्कर बोलावलं, शेकडो शिपायांना घरी बसवलं. त्यानंतर वर्षभरात पडद्यावर एक फौजदार आला, ज्याला प्रामाणिकपणे नोकरी करायची आहे आणि करू दिली जात नाही. शेट्टीसारखी माणसं प्रत्येक वॉर्डात होती, त्यांचे फोन कुठे लागतात हे पानवाल्यालाही ठाऊक होतं. लोकांचा संताप खरा होता आणि टाळ्याही खऱ्या होत्या. त्या वाजवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्या टाळ्यांनी काय झाकलं गेलं, एवढंच मला सांगायचं आहे.

कथेचा क्रम नीट पाहू. गुंडांच्या टोळीतलाच एक माणूस मारहाण करून, जाळून टाकून दिलेला, पण अजून जिवंत असा वेलणकरला सापडतो. तो त्याला इस्पितळात नेतो, मरणाआधीचा जबाब घेतो, त्यात रामा शेट्टीचं नाव येतं. कायद्याने जे करायला हवं ते वेलणकर करतो: शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी आवाज चढवत नाही, पळत नाही. एक फोन करतो. पलीकडून वेलणकरचाच वरिष्ठ त्याला परत फिरायला सांगतो. एवढंच. मला आजही हा प्रसंग त्या चित्रपटातला सर्वांत हिंसक वाटतो, आणि त्यात कुणी कुणाला बोटही लावत नाही. पुढे डोंगरात जीव धोक्यात घालून वेलणकर एका खतरनाक दरोडेखोराला पकडतो आणि त्याचं श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या नावावर जमा होतं. वेलणकर बाटली जवळ करतो. आणि मग एका रात्री तो चोर समोर येतो.

हा प्रसंग पुन्हा बघताना वेलणकरच्या चेहऱ्यावरून नजर काढून चोराकडे ठेवावी, अशी माझी विनंती आहे. ते अवघड जातं, कारण कॅमेरा आणि ओम पुरी दोघेही आपल्याला वेलणकरकडे ओढतात. वेलणकर ओरडतो आहे की तू दुसऱ्याच्या हक्काचं चोरतोस. ते वाक्य चोरासाठी नाहीच. ते त्या अधिकाऱ्यासाठी आहे ज्याने त्याचं श्रेय नेलं, त्या साहेबासाठी आहे ज्याने फोनवर माघार घ्यायला लावली, त्या शेट्टीसाठी आहे जो शांतपणे बसून राहिला. पण अंगावर वळ उठतात ते चोराच्या. शेट्टीच्या अड्ड्यावर वेलणकरचा हात उचलला गेला नाही, साहेबाच्या केबिनमध्ये नाही, पदकाच्या वेळी नाही. हात उचलला गेला तो जिथे उचलता येतो तिथे: ज्याच्यासाठी कुणाचाही फोन येणार नाही अशा माणसावर.

चित्रपटाबद्दल बोलताना समीक्षकांपासून कट्ट्यापर्यंत एक ठरलेली मांडणी असते. व्यवस्थेने एका चांगल्या अधिकाऱ्याला असं वागायला भाग पाडलं. या मांडणीत तथ्य आहे, पण तिच्यात चोराचा मृत्यू वेलणकरच्या शोकांतिकेचा पुरावा होऊन बसतो. एक माणूस मेला, ही बातमी ‘बघा, बिचाऱ्या फौजदाराचं काय झालं’ अशी वाचली जाते. आपण हळहळतो, पण मारणाऱ्यासाठी.

खरं तर निहलानी आणि तेंडुलकर यांनी ही पळवाट जागोजागी बुजवायचा प्रयत्न केला आहे. वेलणकरचा बाप आठवा. अमरीश पुरींनी उभा केलेला तो निवृत्त पोलीस शिपाई आपल्या बायकोला मारत असे आणि पोरगा ते बघत राहत असे, काही करू शकत नसे. मुलाला शिकायचं होतं, बापाने त्याला खात्यात घातलं. म्हणजे मारहाण वेलणकरच्या आयुष्यात शेट्टीच्या फोनच्या कितीतरी आधी आली आहे. ती त्याच्या घरातच होती, वर्दीच्या आधी आणि वर्दीच्या आडून. नोकरीतही त्याची मारहाण अपमानानंतर सुरू होत नाही. वस्तीतल्या एका बाईला छळणाऱ्या गुंडांना तो कोठडीत घालून बेदम बडवतो. ते गुंड असतात, म्हणून आपल्याला ते बरं वाटतं. पण कोठडी तीच, हात तोच, सवय तीच. चोरापर्यंत येताना त्या सवयीने फक्त माणूस बदलला.

आणि ज्योत्स्ना. स्मिता पाटीलनी केलेली ही प्राध्यापिका वेलणकरवर प्रेम करते आणि तरीही त्याच्या हाताकडे बघते. तिला त्याची बाजू कळते, त्याची घुसमट कळते, तीच तर त्याच्या हातात कवितेचं पुस्तक देते. पण ही हिंसा सोडून दे, नाहीतर मी तुझ्यासोबत नाही, हे ती स्पष्ट सांगते. प्रेक्षकांनी या पात्राला कधी फारसं मनावर घेतलं नाही. कठीण काळात नायकाला एकटं टाकणारी शिकलेली बाई, असा तिच्यावर शेरा मारणारे मी बरेच ऐकले आहेत. माझ्या मते संपूर्ण चित्रपटात चोराच्या मृत्यूला मृत्यू मानणारी ती जवळजवळ एकटीच आहे. इन्स्पेक्टर हैदर अली भला माणूस आहे, शफी इनामदारांनी त्याला अतिशय लोभस केलं आहे, पण कोठडीत माणूस मेल्यावर त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो वेलणकरला वाचवायचं कसं. आधीचं एक प्रकरण दिल्लीपर्यंत हात पोचलेल्या मध्यस्थाकडून मिटवलेलं असतं. आता तो पुरेसा पडणार नाही, आता शेट्टीकडेच जावं लागेल, असं हैदर अली सुचवतो. खात्यातला चांगुलपणा आपल्या माणसाला सांभाळण्यापाशी येऊन थांबतो. त्या चोराच्या घरी कुणी निरोप पाठवला का, हे कुणी विचारत नाही.

चित्रपटावरही माझा एक आक्षेप आहेच. चोराला त्याने फार थोडी जागा दिली. त्याची बायको नाही, आई नाही, ठाण्याच्या पायरीवर बसलेला भाऊ नाही. माइक लोबो या निलंबित, दारूत बुडालेल्या अधिकाऱ्याला नसीरुद्दीन शाह मिळाले आणि त्याचा शेवट आपल्या मनात राहिला. चोराला एक रात्र मिळाली. शिवाय शेवटचा खून ज्या ताकदीने उभा केला आहे, तो बघताना सुटकेचा श्वास न टाकणं माणसाला अवघडच. वेलणकर शेट्टीकडे खरं तर मदत मागायला गेलेला असतो, कोठडीतला खून पचवण्यासाठी. शेट्टी तयारही होतो, बदल्यात माझा माणूस हो म्हणतो. त्या क्षणी वेलणकर त्याचा गळा धरतो. कोठडीतला खून तिथे नसता तर हा प्रसंगच घडला नसता. पण प्रेक्षक खुर्चीतून उठतो तेव्हा दुसऱ्या मृत्यूने पहिल्याला धुऊन टाकलेलं असतं.

तेंडुलकरांच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडलं, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. तोही एका पोलीस अधिकाऱ्याचा खेळ. कनोजहून पुण्यात आलेल्या घाशीरामावर चोरीचा आळ येतो, त्याला मारतात, कोठडीत टाकतात, शहराबाहेर हाकलतात. तो अपमान घेऊन माणूस परत येतो आणि नाना फडणविसांच्या कृपेने कोतवाल होतो. मग त्याच्या बागेतली फळं तोडणारे बाहेरगावचे ब्राह्मण पकडले जातात, एका अरुंद कोठडीत कोंडले जातात आणि गुदमरून मरतात. यामागे इतिहास आहे. १७९१ साली पुण्यात तेलंगी ब्राह्मण कोतवालीत गुदमरून मेले आणि त्यानंतर जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. म्हणजे चोर म्हणून मार खाल्लेला माणूस अधिकार हातात आल्यावर फळचोरांना मारतो. अपमान वरून खाली कसा वाहतो, हे तेंडुलकरांनी ‘अर्धसत्य’च्या अकरा वर्षं आधी लिहून ठेवलं होतं.

आणि त्या नाटकाचं स्वागत कसं झालं? नाना फडणविसांची बदनामी झाली, ब्राह्मणांची बदनामी झाली, यावर महाराष्ट्र पेटला. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवलं आणि नंतर थिएटर अकॅडमी स्थापन करून कलावंतांनी ते पुन्हा उभं केलं. गायन, नृत्य, माणसांच्या हलत्या भिंतीची रचना, यांवर लेखच्या लेख आले. कोठडीत गुदमरून मेलेल्या माणसांबद्दल त्या गदारोळात कुणी बोललं असेल तर ते फार क्षीण आवाजात. समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास करण्यासाठी तेंडुलकरांनी १९७०च्या दशकात नेहरू फेलोशिप घेतली होती. देशभर हिंडून त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या लिखाणात उतरलं, पण दोन्ही वेळा आपण नेमक्या त्याच जागी डोळे मिटले जिथे ते बोट दाखवत होते. दोन्ही वेळा आपलं लक्ष सत्ताधाऱ्याच्या नशिबाकडे गेलं.

हा काही केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. ‘अर्धसत्य’च्या तीनच वर्षं आधी, १९८०च्या अखेरीस, बिहारमधल्या भागलपूरची बातमी देशाने वाचली होती. पोलिसांनी तीसहून अधिक संशयितांच्या डोळ्यांत सुया खुपसून ॲसिड ओतलं होतं. पोलिसांवर कारवाई सुरू झाली तेव्हा भागलपूरमध्ये मोर्चे निघाले ते पोलिसांच्या बाजूने. इथे महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. त्याविरुद्ध देशभरच्या स्त्रिया उभ्या राहिल्या म्हणून १९८३ साली कायदा बदलला आणि कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा झाला. ‘अर्धसत्य’ ज्या वर्षी लागला त्याच वर्षी. कोठडी हा त्या काळाचा उघडा प्रश्न होता. थिएटरातला प्रेक्षक तो प्रश्न घेऊन बाहेर पडू शकला असता.

त्याऐवजी तो एक नायक घेऊन बाहेर पडला. आणि या नायकाचं पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत. ‘अर्धसत्य’च्या दहा वर्षं आधी ‘जंजीर’मध्ये इन्स्पेक्टर विजय होता, पण त्याचा सूड घरचा होता, आईबापाच्या खुनाचा. वेलणकरने पोलिसाच्या रागाला सार्वजनिक कारण दिलं. पुढच्या चित्रपटांनी ते कारण उचललं आणि त्याबरोबर येणारा अपराध गाळून टाकला. २०११च्या ‘सिंघम’चं उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचं. तमिळ चित्रपटावरून हिंदीत आलेला हा बाजीराव सिंघम मराठी आहे, गोव्यात त्याची बदली होते, ‘आता माझी सटकली’ हे त्याचं मराठी वाक्य देशभर पोरांच्या तोंडी बसलं. शेवटी काय होतं? अख्खं पोलीस खातं, वरिष्ठांसकट, खलनायकाच्या घरात शिरतं आणि त्याचा निकाल लावतं. रामा शेट्टीच्या घरात शिरलेला वेलणकर आठवा. तो एकटा होता, आणि तिथून थेट ठाण्यात गेला, मी मारलं म्हणून सांगायला. इथे सगळे मिळून मारतात आणि ठाण्यात कबुली द्यायला कुणीच जात नाही, कारण ठाणंच घरात आलेलं असतं. दोन चित्रपटांमधलं अंतर मोजायचं तर या कबुलीवरून मोजावं. वेलणकरला माहीत होतं की त्याने खून केला आहे. त्याच्या वारसदारांना तसं वाटत नाही आणि त्यांच्या प्रेक्षकांनाही नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल सप्टेंबर २०२३ मध्ये एका कार्यक्रमात याच ‘सिंघम’बद्दल बोलले होते. न्यायालयांवर विसंबू नका, पोलीसच झटपट न्याय देतील, हा संदेश घातक आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांच्यावर टीका झाली: लोक चित्रपट करमणूक म्हणून बघतात, एवढं मनाला का लावून घ्यायचं? हा युक्तिवाद मला पटत नाही. करमणुकीत माणूस कशाला टाळ्या वाजवतो यावरून तो रस्त्यावर कशाला टाळ्या वाजवेल याचा अंदाज येतो, आणि अंदाजाचीही गरज उरलेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी ‘चकमकीत’ मारलं, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ साली त्याचा अहवाल समोर आला: गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. ती फुलं कुणी परत वेचली नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचा आरोपी मुंब्र्याजवळ पोलीस गाडीत गोळी लागून मेला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या त्या माणसाने पोलिसाची बंदूक हिसकावली, असं सांगितलं गेलं. पेढे वाटले गेले, फटाके फुटले, मुंबईत ‘बदला पुरा’ अशी पोस्टरं लागली. त्या मुलींच्या आईवडिलांचा संताप मला समजतो, तो कुणालाही समजेल. पण खटला चालला असता तर शाळेने काय दडपलं, तक्रार घ्यायला पोलिसांनी उशीर का केला, हे साक्षीपुराव्यात आलं असतं. मुख्य आरोपी मेल्यावर त्या प्रश्नांची धार गेली. शेट्टी मेल्यावर त्याला निवडणुकीपर्यंत कोणी पोचवलं हे कुणी विचारत नाही, तसंच.

गुन्हा भयंकर असला की चकमकीच्या बाजूने बोलणं सोपं असतं. म्हणून मी पुन्हा त्या ट्रान्झिस्टर चोराकडे येतो, कारण कोठडीत मरणारे बहुतेक जण त्याच्यासारखे असतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत किरकोळ लुटीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण पोलीस ठाण्यात मेला. त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला आणि तो पळून गेला असं सांगितलं गेलं, असं तपासात पुढे आलं आणि ठाण्यातल्याच फौजदारावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर आंदोलन पेटलं, धरपकड झाली, आणि अटक झालेला कायद्याचा एक दलित विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. केंद्र सरकारने २०२३ साली राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ मृत्यू झाले. त्यात गुजरातखालोखाल महाराष्ट्राचे, ७६. यातल्या किती जणांची नावं आपल्याला येतात?

माझ्या पोलीस मित्रांना हे सगळं एकतर्फी वाटेल. ते म्हणतील, बारा-चौदा तास ड्यूटी, बंदोबस्त, वरून दबाव, रिकव्हरी, म्हणजे चोरीचा माल परत मिळवलेला, दाखवा म्हणून रोजचा तगादा, आणि फॉरेन्सिकचा अहवाल येईपर्यंत वर्ष जातं. पट्टा काढल्याशिवाय गुन्हा उघडकीस कसा आणायचा? त्यांच्या बोलण्यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आठ अहवालांत हेच मांडलं होतं, आणि त्यातले शेवटचे ‘अर्धसत्य’च्या दोन वर्षं आधी आले होते. शेट्टीचा फोन कसा लागतो याचं उत्तर त्या अहवालांत होतं: बदल्या आणि नेमणुका पुढाऱ्यांच्या हातात. पुढे प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आदेश दिले. अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं एका जागी ठेवा, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ नेमा, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, आणि लोकांच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र प्राधिकरण उभं करा. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा बदलून कागदावर बरंच केलं. पण ठाण्याचा इन्स्पेक्टर अजूनही स्थानिक आमदाराच्या मर्जीतला लागतो, हे तालुक्याच्या गावात कुणालाही विचारा.

या आदेशांतला पहिला अर्धा भाग आपल्याला पटकन आवडतो. पोलिसाचे हात मोकळे करा, पुढाऱ्यांना दूर ठेवा, वेलणकरला काम करू द्या. तक्रार प्राधिकरणाचं नाव मात्र कुठल्याही मोर्चात ऐकू येत नाही. पण हात मोकळा झालेला वेलणकर कोठडीत काय करेल, याचं उत्तर त्याच्या बापापाशी आहे, वस्तीतल्या त्या गुंडांपाशी आहे. शेट्टीचा फोन बंद केला तरी चोर वाचतोच असं नाही. त्याला वाचवायला दुसऱ्या गोष्टी लागतात: अटकेची नोंद, घरच्यांना निरोप, वैद्यकीय तपासणी, वकील, हे सगळं सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणातल्या निकालामुळे १९९६ पासून बंधनकारक आहे. प्रत्येक ठाण्यात चालू असलेले कॅमेरे आणि जपून ठेवलेलं चित्रण, हे २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाचं फर्मान आहे. मृत्यू झालाच तर न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी, तीही कायद्यात आहे. नेमका मृत्यूच्या रात्रीचा कॅमेरा बंद होता, हे वाक्य आपण किती प्रकरणांत वाचलं आहे.

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत नवे फौजदार तयार होतात. ‘अर्धसत्य’ त्यांना दाखवावा आणि शेट्टीच्या खुनावर चर्चा करू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यावर ते आपोआप बोलतील. चर्चा करावी ती कोठडीतल्या त्या रात्रीवर. डायरीत काय नोंद झाली, हवालदाराने का थांबवलं नाही, डॉक्टरला कधी बोलावलं, प्रेत कुणाच्या ताब्यात दिलं. महाविद्यालयांतल्या चित्रपट अभ्यासाच्या वर्गांतही कवितेच्या रसग्रहणाला एक तास देतात, तसा एक तास या प्रश्नांना द्यावा.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण संसदेने तो कायद्यात आणल्याशिवाय त्या सहीला अर्थ नाही. विधि आयोगाने २०१७ साली २७३ व्या अहवालात विधेयकाचा मसुदाही तयार करून दिला. त्यात कोठडीत जखमा आढळल्या तर त्या पोलिसांनी केल्या नाहीत हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकावी, अशी शिफारस आहे. तो मसुदा तसाच पडून आहे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, मी या विधेयकाबद्दल विचारणार आहे, आणि ‘अर्धसत्य’ आवडतो म्हणणाऱ्या प्रत्येकाने विचारावं, एवढं माझं मागणं आहे.